इन्स्पेक्टर विचार करतो तेव्हा

सावंगीच्या चित्रपट रसास्वाद मंडळातून रोशन रूपराव बेलखोडे याला आजन्म काढून टाकण्यात आलं. मंडळ निघाल्यापासून इतक्या आनंदानं कोणालाच काढलं गेलं नव्हतं. ठराव सांगणाऱ्या बाईंना हसू आवरेना, सभासदांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि ज्याला काढलं त्याच्या आईनं सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले. पण ते राहू द्या. असं काही झालेलंच नाही. कोणी विचारलं तर रोशन मंडळात आहे, मंडळ जागेवर आहे, आणि आपण त्या बुधवारपासून सुरुवात करू. त्या बुधवारी कोणाला कुठून काढावं असं काही घडलेलं नव्हतं. रोशननं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला होता, आणि समोर बसलेल्या वर्षालीनं मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता, एवढंच.

सावंगीच्या रस्त्यावर, मोठ्या दवाखान्याच्या सावलीत जी बारीकसारीक दुकानं धरून आहेत, त्यांतल्या एका एक्स-रे सेंटरवर रोशन टेक्निशियन होता. माणसांना पाटीला छाती टेकवून उभं करायचं, काचेमागं जायचं आणि सांगायचं, श्वास घ्या, रोखा, सोडा. दिवसभर त्याच्या हुकुमावरून अख्खा वर्धा जिल्हा श्वास रोखत होता, तरी घरी त्याचं कोणी ऐकत नव्हतं. वर्षाली काउंटरला. ती तळेगावची, म्हणजे श्यामजीपंतांच्या तळेगावची. दुसऱ्या तळेगावची म्हटलं की रागवायची. "सापडला तुझा इन्स्पेक्टर," ती म्हणाली. "धुऊन-पुसून टाकला आहे कोणीतरी. पूर्ण पिक्चर. आता रोज रोज तोंडानं सांगू नको, दाखव." रोशनच्या हातात भाकरीचा तुकडा होता, त्यावर अंबाडीची भाजी, आणि तो घास पुढचा बराच वेळ तोंडाबाहेरच राहणार होता. पडद्यावर तो आला. तोच ओला रस्ता, तीच जीप, तोच माणूस, खांद्यानं दार उघडणारा, कारण हातानं दार उघडावं असा पोलीस खात्याचा नियम असावा. इन्स्पेक्टर टेबलाशी बसला. समोर खुनाचे फोटो. बाहेर साहेब ओरडत होते. आता अंधार होणार, हे रोशनला माहीत होतं, जसं पापणी मिटणार हे डोळ्याला माहीत असतं. तो सुखावून वाट पाहत होता. अंधार झाला नाही. इन्स्पेक्टरनं खण उघडला, खणातून बाटली काढली, बूच काढलं, पेल्यात ओतलं, मग थर्मासचं झाकण फिरवून बर्फाचा एक खडा पेल्यात टाकला. टिण. आणि तो प्यायला. सावकाश, सगळा.

"हा काय करून राह्यला?" रोशन म्हणाला.

"पेऊन राह्यला."

"काय?"

"मले काय माहीत बाप्पा काय," वर्षाली म्हणाली. "आपला जिल्हा दारूबंदीचा. मी तं असं काही पाह्यलंच नाई कधी." मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनं पिक्चर थांबवला. "अबे, काय झालं? कोनी गेलं का?"

कोणी गेलं नव्हतं, पण रोशनच्या आत कोणीतरी खुर्चीवरून उठलं होतं आणि कुठं बसावं ते त्याला कळत नव्हतं. कारण सिंदीत, म्हणजे सिंदी रेल्वेत, जिथं तो वाढला, तिथं या ठिकाणी पडदा काळा होत असे. सिंदीत एक टॉकीज होती. तिला नाव होतं, पण गावात एकच असल्यामुळे ते कोणी वापरलं नाही, आणि शेवटी मालकालाही ते आठवत नसे. मालक म्हणजे शेठजी, कापसाचे व्यापारी, खादीचं धोतर, सकाळी सूत कातणार आणि दुपारी कापसाचा भाव पाडणार. टॉकीजचा ऑपरेटर म्हणजे मशीन चालवणारा रूपराव, रोशनचा बाप. इन्स्पेक्टरचा पिक्चर गावात पेटीतून आला आणि ज्या कंपनीनं पाठवला ती बुडाली, म्हणून पेटी परत मागायला कोणी आलंच नाही. नवीन पेटी वेळेवर पोचली नाही की इन्स्पेक्टर लागायचा. नवीन पेटी कधीच वेळेवर पोचायची नाही. अशा रीतीनं सिंदीच्या दोन पिढ्या एकच सिनेमा पाहून शहाण्या झाल्या. आणि त्या सिनेमात, इन्स्पेक्टर पेचात सापडला की, पडदा काळा व्हायचा. आवाज मात्र चालू. आधी लाकूड घासल्यासारखा आवाज, मग काहीतरी सुटल्याचा छोटा ठप्प, मग गुळगुळ गुळगुळ, आणि मग, बराच वेळ गेल्यावर, त्या काळोखाच्या अगदी मधोमध, टिण. त्या टिणवर अख्खी टॉकीज एका तोंडानं ओरडायची, "सुचलं!" उजेड यायचा, आणि इन्स्पेक्टर उठून एखादा नियम मोडायचा. यात न समजण्यासारखं काय होतं? माणूस विचार करतो तेव्हा डोळे मिटतो. इन्स्पेक्टरचे डोळे मिटले की आपल्यालाही दिसेनासं होतं, कारण आपण त्याच्या डोक्यात आहोत. लाकूड घासतं म्हणजे जुनी आठवण ओढून काढली. ठप्प म्हणजे गाठ सुटली. गुळगुळ म्हणजे मेंदू, जो आत ओला असतो हे सहाव्या वर्गाच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंच होतं. आणि टिण म्हणजे कल्पना, ती सुचली की असा आवाज होतो. रोशनला मोठेपणी कळलं की इतर माणसांना कल्पना सुचते तेव्हा आवाज होत नाही, आणि त्याला त्यांची कीव आली होती.

आता प्रश्न असा की टॉकीजमध्ये पोरंच होती का? नव्हती. गावचे बाप्ये होते, जिनिंगवरचे हमाल होते, रेल्वेचे खलाशी होते, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी ती गुळगुळ आदल्याच संध्याकाळी नाल्याच्या पलीकडे स्वतःच्या कानांनी ऐकलेली होती. पण बोलणार कोण? दारूबंदीच्या जिल्ह्यात तो आवाज ओळखणं म्हणजे भरल्या टॉकीजमध्ये कबुलीजबाब देणं. "हे तं बाटलीचं बूच आहे," असं एकजण जरी म्हणाला असता तरी शेजारच्या बाईनं मान वळवून विचारलं असतं, "तुमाले कसं माहीत, भाऊ?" म्हणून कोणी बोललं नाही. उलट जो जितका पिणारा, तो तितक्या जोरानं "सुचलं!" ओरडायचा. हळूहळू त्यांचाही विश्वास बसला असावा. सिंदीचा भोळेपणा हा असा सगळ्यांनी मिळून, चांगली मेहनत घेऊन तयार केलेला भोळेपणा होता, आणि रोशन त्यात वाढला, दहावीला गणिताच्या पेपरात डोळे मिटून बसला, सुपरवायझरनं झोपला समजून खांदा हलवला तेव्हा म्हणाला, "थांबा सर, टिण व्हायचं आहे," आणि पास झाला.

वर्षालीनं पिक्चर पुढं सरकवला नाही. तिनं शहाणपणानं त्याचा घास त्याच्या हातातून काढून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "रविवारचं काय?" रविवारचंच तर सगळं होतं. रक्षा मॅडम दातांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी पडदे ओढून मंडळ सिनेमा पाहत असे. जिल्ह्यातल्या त्या एकमेव दंतवैद्य, ज्या माणसांना तोंड बंद ठेवायला सांगत. मंडळाचे नियम भिंतीवर होते आणि मॅडम ते दर वेळी वाचूनही दाखवत: बोलू नये, खाऊ नये, सिनेमा मध्येच थांबवू नये, प्रोजेक्टरच्या उजेडात कोणाचंही अंग येऊ नये. या रविवारी इन्स्पेक्टर होता, रोशनच्या हट्टावरून होता, आणि त्यावर बोलणारही रोशन होता. विषय त्यानं महिनाभर आधीच सांगून ठेवला होता: या चित्रपटातला अंधाराचा वापर. रक्षा मॅडम म्हणाल्या होत्या, "मी हा सिनेमा लहानपणी टीव्हीवर पाहिला, मला अंधार आठवत नाही. मी तेव्हा नीट पाहिलाच नाही म्हणायचा." आणि रूपराव येणार होते. सिंदीहून, रोशनच्या आईला, लीलाबाईला, घेऊन, टॉकीज बंद पडल्यानंतर पहिल्यांदा कुठल्याही सिनेमाला. त्यांनी शर्टाला इस्त्री करून तो दाराच्या खिळ्याला टांगून ठेवला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमचा पोट्टा इन्स्पेक्टरवर भाषन देऊन राह्यला सावंगीले. डाक्टर लोकाइच्या समोर."

संध्याकाळी सेलूवरून मोटरसायकलनं सिंदीला घरी जाताना रोशन डोक्यात पुन्हा सगळा सिनेमा चालवून पाहत होता, जसं खिसा कापला गेल्यावर माणूस उरलेले खिसे चाचपतो. काय उरलं होतं? जिन्यावरचा पाठलाग होता. खुनी पुढं, इन्स्पेक्टर मागं, आणि मध्येच इन्स्पेक्टर थांबून बुटाची नाडी बांधतो. आणि वरच्या मजल्यावर खुनीही थांबतो, कठड्यावरून वाकून बघतो, कारण पाठलाग असा अर्धवट टाकून जाणं त्यालाही बरं वाटत नाही. त्या वाकून बघण्यात खुन्याचा सगळा एकटेपणा आहे, असं रोशन वर्षालीला कैकदा सांगत आला होता. लिफ्टचं दृश्य होतं: वॉरंट नाही म्हणून इन्स्पेक्टर संशयिताला अटक करत नाही, फक्त त्याच्यासोबत लिफ्टमध्ये शिरतो आणि दोन मजल्यांच्या मध्ये ती बंद पाडतो, आणि दोघं गप्प उभे राहतात, इतका वेळ की शेवटी सिंदीच्या टॉकीजमधून कोणीतरी न राहवून गुन्हा कबूल करायचा. मंत्र्याच्या बंगल्यात तो चोरासारखा घुसतो आणि पकडला जातो तेव्हा शांतपणे स्वतःचीच तक्रार लिहून घेतो, अक्षर सुवाच्य. आणि शेवट: खुनी सापडतो, सगळे नियम मोडल्याचं सिद्ध होतं, आणि साहेब त्याला शिक्षा म्हणून बढती देतात. खुर्ची, पंखा, शिक्का. इन्स्पेक्टर त्या खुर्चीत बसतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते जगातल्या कुठल्याही जन्मठेपेपेक्षा भयंकर असतं, आणि टॉकीज हसायची, आणि रोशनला लहानपणी त्या हसण्यात आपण कुठं उभं राहावं ते कळायचं नाही. हे सगळं होतंच. धुऊन-पुसून आणखीच चांगलं झालं असेल. पण प्रत्येक नियमाच्या आधी तो अंधार होता. नियम मोडणारा माणूस आधी विचार करतो, सगळ्यांपेक्षा जास्त करतो, इतका करतो की जग बंद होतं, आणि मग मोडतो. म्हणून तो मोठा. आणि आता अंधाराच्या जागी पेला होता. मग नियम त्यानं मोडले का दारूनं? मग तो कोणीही होता. मग नाल्याच्या पलीकडचा कोणीही इन्स्पेक्टर होता. वांगी-मिरचीच्या वाड्यांमधून गार वारा येत होता, रोशननं सवयीनं क्षणभर डोळे मिटले, टिणची वाट पाहिली, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरनं त्याला त्याच्या बापाचा उद्धार करून बाजूला काढलं.

बाप अंगणात बाजेवर बसून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होता. रोशन बाजूला बसला. विचारायचं कसं हे त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बाबा, इन्स्पेक्टर विचार करे तवा तुमी काय करत होते?"

रूपरावांनी स्क्रू तोंडात धरला होता. तो काढून हातात घेतला, पुसला, आणि बाजेच्या काठावर ठेवला. "कोनं सांगतलं?"

"पाह्यला मी. मोबाईलवर."

"पूर्न?"

"पह्यल्या पेल्यापर्यंत."

"हं," रूपराव म्हणाले. आतून लीलाबाईंनी विचारलं, कोण आहे, चहा मांडू का. दोघांनी एकदम हो म्हटलं. मग रूपरावांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर, जणू त्यावर काही ठेवायचं आहे. "शेठजी म्हने, वर्धा जिल्ह्यात दारू दिसली नाई पायजे. बाटलीत नाई, पडद्यावर बी नाई. मी म्हनलं, कापून टाकू का रीळ? तं म्हने, कंपनीची वस्तू आहे, कापनं गुन्हा आहे. दाखवाचं बी नाई, कापाचं बी नाई. मग मी काय करू? मशीनच्या तोंडावर हात ठेवला."

"इतकी वर्सं?"

"हात तं होताच माह्याजवळ," रूपराव म्हणाले. मग, स्वतःशीच हसल्यासारखे, "मले दिसे नं तो. इथं." त्यांनी तळव्याच्या मधोमध बोट ठेवलं. "पडद्यावर काही नाई, सारा उजेड हातावर. तोंड धड ओळखू नाई ये, नुसता पिवळा गोळा हाले. गरम लागे. साऱ्या गावात मी एकटाच पाहो त्याले, भल्ला निवांत पेत बसे बिचारा. मले वाटे, पिऊ दे लेकाले घडीभर. बाहेर साहेब ओरडून राह्यला त्याचा."

रोशन त्या तळव्याकडे पाहत राहिला. लहानपणी त्याला ताप आला की हाच तळवा कपाळावर यायचा आणि डोळ्यांवरही उतरायचा, कारण कपाळ लहान आणि हात मोठा, आणि मग सगळं काळं व्हायचं आणि बरं वाटायचं. "मग मले सांगतलं काऊन नाई तुमी? मी येवढं साऱ्याइले सांगत फिरलो."

"तू पास होऊन राह्यलता," रूपराव म्हणाले. "कायले सांगू?"

चहा आला. रूपरावांनी बशीत ओतला, फुंकला, प्यायला नाही. "रोशन, तिथं तं पूर्न दाखवतीन."

"हो."

"मग ते बाई म्हनतीन, कोनं खराब केला येवढा चांगला पिच्चर?" ते बशीकडे बघत म्हणाले. "मी नाई येत. तुह्या मायले घेऊन जाजो. शर्ट मी पुढच्या लग्नाले घालीन."

"इस्त्री मी केली आहे त्याची," लीलाबाई म्हणाल्या. "लग्न काही नाई कोनाचं. चुपचाप चाला."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार रोशननं माणसांना श्वास रोखायला लावला आणि सोडायला सांगायचं विसरला. एक आजोबा लाल होऊन खाली बसले तेव्हा वर्षाली आत आली आणि म्हणाली, "तू भाषण बदल नाईतं पिक्चर बदल, पण लोकाइले मारू नको." तो म्हणाला, भाषण बदलेन; दारूवर बोलेन; व्यसनाचे दुष्परिणाम. ती म्हणाली, "आन बाबा खाली मान घालून बसतीन, अन् तू वर उभा राहून सांगशील का सिंदीले उल्लू बनवलं म्हणून?" तो म्हणाला, मग काय करू? ती म्हणाली, "मले काय विचारतं? तुह्या इन्स्पेक्टरले विचार. तो बेवडा निघाला तरी काम तं केलंच नं त्यानं." आणि काउंटरवर निघून गेली. तिच्या जाण्यात अशी काही ठसकेबाज खात्री होती की रोशनला वाटलं, तळेगावला कल्पना सुचताना आवाज होत नसेलही, पण सुचतात.

रविवारी दुपारी हॉलचे पडदे ओढलेले होते तरी उन्हाच्या बारीक चिरा भिंतीवर चढत होत्या. खाली दवाखान्यातून लवंगाच्या तेलाचा वास येत होता. खुर्च्या वेटिंग रूमच्याच, त्यामुळे बसलेला प्रत्येक माणूस थोडा घाबरलेला दिसत होता. सिंदीहून रूपराव आणि लीलाबाई एकटे आले नव्हते. जीपमध्ये जागा उरली म्हणून शेजारपाजार कोंबून आणला होता, सगळी टॉकीजची जुनी गिऱ्हाइकं, सगळी शेवटच्या ओळीत, कारण सिंदीत बाल्कनी तिथं असते. प्रोजेक्टर एका उंच स्टुलावर, शेवटच्या ओळीच्या जरा पुढं, आणि त्याला लागून रूपराव. कोणी बसवलं नाही; ते आपोआप मशीनपाशी गेले, लोहचुंबकाकडं लोखंड जावं तसे. रक्षा मॅडमनी नियम वाचले. मग म्हणाल्या, "आता रोशन बेलखोडे आपल्याला अंधाराबद्दल सांगतील." रोशन उभा राहिला. सगळे चेहरे वर झाले, आणि त्याला त्या प्रत्येकाला श्वास घ्या म्हणावंसं वाटलं. त्याच्याकडे अंधाराबद्दल एक भाषण होतं, दारूबद्दल एक होतं, आणि तिसरं असं होतं की हा माणूस, हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, याचा हात. तो म्हणाला, "हा पिक्चर, विचार करणाऱ्या माणसाबद्दल आहे." मग म्हणाला, "बस," आणि बसला. जिल्ह्यातलं आजवरचं सगळ्यात छोटं रसग्रहण ते, टाळ्या पडल्या.

ओला रस्ता. जीप. खांद्यानं उघडलेलं दार. शेवटच्या ओळीत सुस्कारे सुटले, जुनं माणूस भेटल्यासारखे. धुऊन-पुसून इन्स्पेक्टरच्या कानामागचा तीळ दिसू लागला होता. सिंदीला तो तीळ आहे हे कधी माहीत नव्हतं, लीलाबाई पुटपुटल्या, "आगाई, तीळ आहे व याले," आणि मॅडमनी मान वळवली. टेबल. फोटो. बाहेर साहेब ओरडू लागले. इन्स्पेक्टरचा हात खणाकडे जाऊ लागला, लाकूड घासलं, आणि रोशननं बापाकडं पाहिलं. रूपराव पडद्याकडे बघत नव्हते. ते कुठेच बघत नव्हते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला होता, एकटाच, त्यांना न विचारता, जशी झोपेतली माणसं मच्छर मारतात, आणि तो हात सावकाश मशीनच्या तोंडासमोर जाऊन थांबला. पडदा काळा झाला. पण पूर्ण नाही. हात म्हातारा होता, थरथरत होता, बोटं पूर्वीसारखी जुळत नव्हती, आणि त्यांच्या फटींतून उजेडाच्या चार काड्या पडद्यावर पडत होत्या. एका काडीत बाटलीची मान, एका काडीत बूच. ठप्प. रूपराव भानावर आले. त्यांनी रोशनकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर लहान मुलाच्या हातून काही फुटल्यावर येतं ते आलं. हात मागं येऊ लागला. तेवढ्यात रोशननं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, फटी बुजवल्या, आणि दाबून धरला.

आता पूर्ण अंधार होता. गुळगुळ चालू झालं. रोशनच्या हाताखाली बापाचा हात उबदार होता, आणि त्या हाताच्या आतल्या बाजूला, त्याला न दिसणाऱ्या जागी, एक माणूस निवांत पीत बसला होता, ज्याला या क्षणी जगात कोणीच पाहत नव्हतं. त्याला पिऊ द्यावं घडीभर, रोशनला वाटलं. पितो म्हणून तो विचार करत नाही असं कोणी सांगितलं? आणि विचार करतो असं त्यानं कधी म्हटलं होतं? विचार तर इकडे चालला होता, अंधाराच्या या बाजूला, खुर्च्यांवर. इतकी वर्षं इन्स्पेक्टर प्यायला आणि सिंदीनं त्याच्या वाटचा विचार केला, इन्स्पेक्टर नाडी बांधत असताना खुनी का थांबला, लिफ्ट बंद का पाडली, सगळा, आणि त्याला फुकट दिला. दाखवू नका म्हणणारा एक नियम, कापू नका म्हणणारा दुसरा, आणि त्या दोन नियमांच्या मध्ये एक माणूस हात घेऊन उभा राहिला, दोन्ही पाळले, आणि एक नवीन पिक्चर झाला. इन्स्पेक्टरला हे जन्मात जमलं नसतं; त्याला मोडावे लागायचे. रोशनला इतका आनंद झाला की तो दाबून धरायचं विसरला, आणि आता खालचाच हात वरच्याला धरून होता.

टिण.

हॉलमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. मग शेवटच्या ओळीतून, डोक्यावरचा पदर सावरत, लीलाबाई ओरडल्या, "सुचलं!" आणि मागोमाग सिंदीची जीप, एका तोंडानं, "सुचलं!"

दिवे लागले. रक्षा मॅडमनी स्वतःच सिनेमा थांबवला होता. "कोणी केलं?" त्या म्हणाल्या, जसं कुठला दात दुखतो ते विचारतात.

"मी," रोशन म्हणाला.

"मी," रूपराव म्हणाले.

"यायनं," लीलाबाई म्हणाल्या, आणि कोणाकडं बोट दाखवलं ते कळलं नाही.

रूपराव उभे राहिले. "मॅडम, चूक माही आहे. सवय आहे हाताले. मी तुमचा पिच्चर खराब केला." मॅडम त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी रोशनकडं पाहिलं. "हा तुमचा अंधार?" रोशननं मान हलवली, आणि मग सगळं सांगितलं, शेठजी, रीळ, सहाव्या वर्गाच्या बाईंचा ओला मेंदू, सगळं, जे भाषण झालं नव्हतं ते आता झालं, प्रश्नाचं उत्तर म्हणून. डॉक्टर लोक मागं वळून रूपरावांचा हात पाहत होते, एकानं तर उठून हातात घेऊन पाहिला. "सिनेमा मध्येच थांबवू नये हा नियम आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि तो मी मोडला आहे. पुन्हा मोडणार नाही, काहीही झालं तरी. दिवे घालवा." हे ऐकून रूपरावांनी बाह्या वर केल्या.

दुसऱ्या अंधारात टिण झालं तेव्हा पहिला आवाज पुढच्या ओळीत बसलेल्या वर्षालीचा आला. दारूबंदीच्या जिल्ह्यातली असून तिला तो नेमका कधी होणार हे आधीच कळलं होतं. जिन्यावर खुनी वाकून बघू लागला तेव्हा सगळा हॉल त्याच्यासाठी हळहळला. लिफ्टमध्ये सावंगीच्या एका भूलतज्ज्ञानं एक किरकोळ गुन्हा कबूल केला. आणि तिसऱ्या अंधारात, सगळ्या गलक्याच्या वर, सगळ्यात स्पष्ट उमटलेलं "सुचलं!" रक्षा मॅडमचं होतं; च आणि ल दोन्ही इतके स्वच्छ की दातांच्याच माणसाचे असावेत. इन्स्पेक्टरला बढती झाली, हॉल हसला, आणि या वेळी रोशनला कळलं की त्या हसण्यात कुठं उभं राहायचं: मशीनपाशी. दिवे लागल्यावर मॅडमनी डोळे पुसले, भिंतीवरच्या नियमावर बोट ठेवलं आणि ठराव सांगितला. उजेडात अंग आणल्याबद्दल रोशन बेलखोडे आजन्म बाहेर. "नियम माझाच आहे, मला मोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे बाबा सभासदच नाहीत, त्यांना काढता येत नाही. पुढच्या रविवारी दोघंही वेळेवर या." पण हे आपण आधीच ठरवलं आहे, असं काही झालेलं नाही. झालं ते एवढंच की सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रोशननं डब्याचं झाकण पालथं घालून त्यावर एक अर्ज लिहिला, वर्षालीनं त्यातलं शुद्धलेखन तपासलं, आणि तो असा आहे:

प्रति, मा. अधिकारी महोदय, जुने चित्रपट जतन करणारा विभाग, जो कोणता असेल तो. महोदय, इन्स्पेक्टरचा चित्रपट हा मूळ निर्मात्यांनी बनवला असला तरी तो सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा येथे पूर्ण झालेला आहे, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे. चित्रपटातील पेले, बाटली व थर्मास आहेत त्या ठिकाणी कायम ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. सबब, सदर चित्रपटाच्या देशभरातील सर्व प्रतींमध्ये, श्रेयनामावलीत 'छायाचित्रण' या ओळीच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरात, 'अंधार : रूपराव बेलखोडे' अशी ओळ समाविष्ट करण्यात यावी, आणि ती ओळ वाचून होईपर्यंत मशीनच्या तोंडासमोर कोणीही हात आणू नये, असे सक्त आदेश सर्व संबंधितांस, विशेषतः खुद्द श्री. रूपराव बेलखोडे यांस, आपल्या स्तरावरून निर्गमित करण्यात यावेत, ही नम्र विनंती.